तुटक रेघेवरची गाडी

व्हँकूव्हरला जाऊन आल्यापासून मला जो भेटतो तो एकच विचारतो, "आप्पा, ती बिनड्रायव्हरची गाडी खरंच हाय काय हो?" याला जबाबदार मीच आहे. जाण्याआधी महिनाभर मी कोल्हापुरात, गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर उभा राहून सगळ्यांना सांगत होतो, की असली गाडी असूच शकत नाही, तिच्यात कुठंतरी माणूस लपवलेला असणार. मी उद्यमनगरातला पॅटर्नवाला. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करण्यात माझी हयात गेली. कामगार चहाला गेला की त्याच्या मागे यंत्र काय गोंधळ घालतं ते मी रोज बघत आलोय. तेव्हा पोटात माणसं घेऊन एखादं यंत्र आपलं आपण गावभर हिंडतंय, हे मला कोण पटवणार?

पण मी काही हौसेनं गाडी बघायला गेलो नव्हतो. आमची एकुलती एक मुलगी नंदा आणि जावई गिरीश कॅनडातल्या त्या शहरात बरीच वर्षं आहेत. त्यांनी आता नदीच्या पलीकडे नवं घर घेतलं आणि आम्हा दोघांना कायमचंच तिकडे बोलावलं. मी नाहीच म्हणालो. सकाळी ती दोघं कामाला जाणार आणि आम्ही दिवसभर काचेतून बाहेर बघत बसणार. त्यापेक्षा कळंब्याचा तुरुंग काय वाईट, निदान तिथं बोलायला माणसं असतात. त्यावर नंदानं शेजारच्या वकिलांच्या फोनवर आपल्या आईला सांगितलं, की शहरातली ती रुळावरून आपोआप चालणारी गाडी नदी ओलांडून आमच्या घराजवळ येणार आहे, मग तुम्हाला दोघांना कुठंही एकटं जाता येईल.

हिनं तेवढंच धरून ठेवलं. हिचे गुडघे गेलेले. दोन पायऱ्या चढायच्या तर भिंतीला हात लागतो. "गाडी दारात येणार असंल तर मी जायाला तयार हाय," ही म्हणाली. "पर तुम्ही आधी बघून या. तुमचा कशावर इश्वास बसत न्हाई, तेव्हा तुम्ही हो म्हणालात तर ते खरं असणार."

अशी माझी नेमणूक झाली. गाडी येणार असेल तर कोल्हापूर सोडायचं, नसेल तर नाही.

आता 'गाडी येणार' हे दोन शब्द आमच्या घराण्यात कसे ऐकले जातात ते सांगायला हवं. माझे मामा मलकापूरचे. आपल्याकडून कोकणात रेल्वे जाणार, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. एकदा कोणीतरी येऊन रानातून मोजणीच्या लाकडी खुंट्या ठोकून गेले आणि मामांनी ठरवलं की स्टेशन आपल्याच शेताशेजारी होणार. त्यांनी तिथं चहाचं हॉटेल बांधलं, आणि त्याचं तोंड ठेवलं स्टेशनकडे, म्हणजे भाताच्या खाचरांकडे. रत्नागिरी रस्त्याकडे हॉटेलची पाठ. ट्रकवाले मोरीजवळच्या मागच्या दारानं आत यायचे आणि चहा पिऊन मागच्याच दारानं जायचे. बाकीच्या गावानं जमीन जाईल म्हणून रातोरात आपापल्या शेतातल्या खुंट्या उपटून शेजाऱ्याच्या शेतात ठोकल्या, आमच्या मामांनी मात्र त्या उचलून आपल्या शेतात आणल्या. रेल्वे आली नाही. मामा गेले तेव्हाही हॉटेलचं तोंड खाचरांकडेच होतं.

विमानतळ ते गाडी

तिथल्या विमानतळावर उतरल्या उतरल्या गोंधळ झाला. माझ्या पिशवीत भडंग, गुळाची ढेप आणि कांदा-लसूण चटणीचा डबा. तपासणाऱ्या उंच साहेबाला मी हातानं खुणावत होतो की उघडू नका, पण त्यालाही माझ्यासारखाच संशयी स्वभाव दिलेला. त्यानं टोपण काढून नाक आत घातलं. मग तो शिंकला, त्याचा शेजारी शिंकला, आणि माझ्यामागच्या रांगेतली बाई आपली बॅग उचलून दुसऱ्या रांगेत गेली. शेवटी डोळे पुसत त्यानं डबा परत दिला आणि हात हलवून जा म्हणाला. गूळ मात्र त्यानं ठोकून बघितला. त्याला तो दगड वाटला असावा.

दुसऱ्या दिवशी नंदानं रजा काढून मला गाडी दाखवायला नेलं. गाडी जमिनीवरून जात नाही. सिमेंटच्या जाडजूड खांबांवरून, घरांच्या माडीच्या उंचीवरून जाते. स्टेशनवर शिरायला फाटक नाही, तिकीट बघायला कोणी नाही.

"तिकीट कोण बघतं?" मी विचारलं.

"कधीतरी येतं की कोणतरी. पण सगळे काढतात आप्पा."

"न बघता काढतात?"

"न बघता."

हे ऐकून माझा संशय वाढलाच. ज्या गावात कोणी कोणावर नजर ठेवत नाही, तिथं सगळ्यांवर मिळून कोणीतरी नजर ठेवत असणार.

गाडी आली. छोटीशी, सुबक. पुढं मोठी काच आणि काचेमागं ड्रायव्हरच्या जागी एक म्हातारी विणकाम करत बसलेली. मला वाटलं हीच चालवते. पण तिनं लोकरीचा गुंडा मांडीवरून उचलून मला शेजारी जागा करून दिली. दारं आपोआप मिटली आणि गाडी निघाली. मी काचेखालच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. लाकूड असो की लोखंड, आत पोकळ आहे का हे मला आवाजावरून कळतं. पोकळ होतं, पण माणूस मावेल एवढं नाही. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनंही एकदा ठोकून बघितलं.

दोन-तीन स्टेशनं गेल्यावर गणवेशातला एक माणूस चढला. मी नंदाला कोपरानं ढोसलं. "सापडला!" पण तो नुसता डब्यातून फिरत होता. मी नंदाला विचारायला लावलं. तो म्हणाला, मी चालवत नाही, चालवतो तो कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायला एका खोलीत माणसं बसलेली असतात.

"म्हणजे हाय की माणूस!" मी म्हटलं. "लांब बसलाय एवढंच."

त्या क्षणी मला फार समाधान वाटलं. सातासमुद्रापार येऊन माझं म्हणणं खरं ठरलं होतं. नंदा कपाळाला हात लावून हसत होती. पोरीला असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी बघत होतो, आणि मला बरं वाटलं.

खिडकीतून बघायचं तर ते शहर देखणं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकीकडे समुद्र, एकीकडे डोंगर, आणि ऐन उन्हाळ्यात त्या डोंगरांच्या टोकांवर बर्फ. गाडी मोठ्या नदीच्या काठी येऊन थांबली. पुढं रूळ नव्हते. खाली नदीत मोठमोठे ओंडके साखळ्यांनी बांधून तराफ्यासारखे सोडलेले. मैलभर लाकूडच लाकूड! सागवान नव्हतं, पण सरळ, गाठी कमी असलेला माल होता. मी लाकडात जन्म घालवलेला माणूस, माझे पाय तिथून हलेनात.

"इथनं पलीकडं पूल होणार," नंदा नदीकडे बोट करून म्हणाली. "मग तिकडं पुढं जाणार गाडी. आपल्या घराकडं."

मी पलीकडे बघितलं. मला खाचरं दिसली.

नदीपलीकडे

पुढचा रस्ता बसचा. बसची वाट बघताना बाकावर एक म्हातारे सरदारजी भेटले. लाकडाच्या गिरणीत आयुष्य काढून आता घरी बसलेले, आणि नंदाच्याच गल्लीत राहणारे. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माझा हात सोडलाच नाही.

"आ रही है जी, गड्डी तो पक्की आ रही है," ते म्हणाले.

"किसने बोला?"

"सब बोलते हैं."

मलकापुरातही सगळेच बोलत होते. त्यांचा हात मात्र गिरणीवाल्याचा होता, माझ्यासारखाच. अंगठ्याच्या बाजूला जुना घट्टा.

घर छान होतं, पण झोपायच्या खोल्या सगळ्या माडीवर. जिना बघितला आणि मला हिचे गुडघे आठवले. म्हणजे हिला वर चढवलं की खाली आणायचं नाही, असा बेत दिसतो. रात्री नंदानं दूध दिलं. पुठ्ठ्याच्या खोक्यातलं.

"कुठल्या म्हशीचं?"

"इथं म्हशी न्हाईत आप्पा. गाईचं असतंय. लांबून येतंय."

आमच्याकडे कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, डोळ्यांदेखत धार निघते आणि फेसासकट पेला हातात येतो. ज्याची धार मी बघितली नाही ते दूध मी आजवर प्यालो नव्हतो. पोरीच्या तोंडाकडे बघून प्यालो. चव नव्हती, पण बाधलंही नाही.

त्यानंतर घरात माझा एकट्याचा मुक्काम सुरू झाला. दोघं कामावर जायची. नंदा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, दोन बस आणि गाडी करून. गिरीश जवळच्याच एका कारखान्यात. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो की दोघं बोलायची थांबायची. एकदा झालं, दोनदा झालं. आमच्याकडे माणसं भांडताना सुद्धा एवढी गप्प बसत नाहीत.

आणि मग एका दुपारी परसात मला खुंट्या दिसल्या.

चार खुंट्या. दोन घराच्या भिंतीलगत, दोन पुढं गवतात. प्रत्येकीच्या डोक्याला नारिंगी फीत बांधलेली. मी मध्ये उभा राहिलो आणि मान वर केली. गाडीचे ते जाडजूड खांब मी बघून आलोच होतो. इथं त्याचा पाया येणार! म्हणजे गाडी घराजवळ नाही, घरावरूनच जाणार. पोरीचं नवं घर पाडणार, आणि ही पोरं आम्हाला सांगत नाहीत. म्हणून ती कुजबूज. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी येणार नाही असा संशय घेऊन मी आलो होतो. ती येईल आणि अशी येईल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं ते आमच्या भागातला कोणीही माणूस करेल. खुंट्या उपटल्या. हलवून, सैल करून, चारही. तीन गॅरेजमध्ये जळणाच्या ढिगाऱ्यामागे टाकल्या आणि चौथी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. पुरावा म्हणून. भोकं पायानं बुजवली आणि आत येऊन टीव्ही लावून बसलो. त्या संध्याकाळी गिरीश परसात जाऊन बराच वेळ वाकून काहीतरी शोधत होता. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

शाळेतली सभा

गाडीच्या पुढच्या विस्ताराबद्दल लोकांची मतं ऐकायला एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये सभा होती. नंदानं मला मुद्दाम नेलं, म्हणजे माझी खात्री पटेल. गिरीश आला, सरदारजीही आले. दारातच टेबलावर कॉफी आणि बिस्किटं मांडलेली. फुकट. जे खातं फुकट बिस्किटं देतं, त्याला आपल्याकडून काहीतरी मोठं घ्यायचं असतं, हे मी नंदाला सांगितलं आणि दोन बिस्किटं खाल्ली.

त्याच टेबलामागच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. आत्ताची गाडी जाड सलग रेघेनं दाखवलेली. नदीनंतर रेघ तुटक व्हायची आणि पुढं तिला फाटे फुटायचे, एक इकडे, एक तिकडे, एक नंदाच्या घराच्या बाजूला. तुटक रेघेखाली काहीतरी लिहिलेलं.

"काय लिव्हलंय?"

"प्रस्तावित," नंदा म्हणाली.

हा शब्द मला नवा नव्हता.

नकाशाजवळ एक तरुण बाई उभी होती, सगळ्यांना हसून उत्तरं देत होती. मी नंदाला मध्ये घालून विचारलं, "गाडी आमच्या घराकडं येणार की न्हाई?"

बाई म्हणाल्या, नदीपार जायचं नक्की आहे. त्याच्या पुढचे बरेच पर्याय आहेत. अभ्यास चालू आहे, सरकार काय म्हणतं ते बघायला हवं, लोकांचं मतही महत्त्वाचं.

"तसं न्हवं. येणार की न्हाई, एक सांगा."

"आम्हाला आशा आहे," बाई म्हणाल्या. "विचार चालू आहे."

"विचार चालू हाय!" मी म्हटलं. माझा आवाज तसा मोठाच, त्या हॉलमध्ये तो आणखी घुमला. "विचारच चालू हाय तर ही माझ्या पोरीच्या परसात कशाला ठोकली?" आणि मी आतल्या खिशातून खुंटी काढून टेबलावर आपटली. बिस्किटांची ताटली उडाली.

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. सरदारजी कुठलाही प्रश्न न विचारता येऊन माझ्या बाजूला उभे राहिले. बाईंनी खुंटी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि एका वयस्क साहेबाला बोलावलं. त्यानं ती बघितली, नारिंगी फीत ताणून बघितली आणि मान हलवली. ही आमची नाही, तो म्हणाला. आमच्या खुंट्यांवर आकडे असतात. आणि तुमच्या बाजूला आम्ही अजून एकही ठोकलेली नाही.

"मग कोणाची?"

गिरीश बुटांकडे बघत होता.

"आप्पा," नंदा हळूच म्हणाली, "ती आमची हाय."

"तुमची? कशाची?"

"तुमच्या खोलीची."

परत येताना बसमध्ये तिनं सगळं सांगितलं. आईला जिना चढवणार नाही, म्हणून खालीच, परसाच्या बाजूला एक खोली वाढवायची. पायरी नाही, उंबरा नाही. मी परत निघायच्या आदल्या दिवशी दाखवायचं ठरलं होतं. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही तिथंच नको म्हणाला असता. तुम्हाला वळखत न्हाई काय मी?"

"आणि गाडीचं काय?"

"गाडीचं मलाबी ठाऊक न्हाई आप्पा. येईल, न्हाईतर न्हाई येणार. पण नुसतं माझ्यासाठी या म्हटलं तर तुम्ही आला नसता. गाडीचं म्हटल्यावर खरं-खोटं करायला तरी आलात."

या प्रवासात मी पत्रे ठोकून बघितले होते, दुधाची चौकशी केली होती, नकाशाला जाब विचारला होता. पोरीला एकटं वाटतंय का, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं होतं.

"येणार न्हवं तुम्ही?" तिनं विचारलं.

मला कोल्हापूर दिसलं. वर्कशॉप, कट्टा, रंकाळ्याची संध्याकाळ. मी म्हटलं, "बघू. विचार करू."

"त्या बाईसारखंच बोललात," ती हसून म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. ती डोळे पुसत होती. मला माझी लाज वाटली. त्या सबंध प्रवासात मला एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जळणामागच्या तीन खुंट्या काढून आणल्या. सुतळी मागितली आणि मापं घेतली. गिरीशनं ठोकल्या होत्या त्या काटकोनात नव्हत्या, मला वाटलंच होतं. तसंच बांधलं असतं तर खोलीत पलंग कधी भिंतीला लागला नसता. मी तिन्ही नीट ठोकून दिल्या. चौथी देतो म्हणालो, आणि दिली नाही. तिच्या जागी एक दगड ठेवला. का, ते त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

परत

घरी आल्यावर हिनं पाणी द्यायच्या आधी विचारलं, "गाडी येणार?"

"ठरलं न्हाई."

हिचा चेहरा उतरला. "मग कसलं जायाचं," म्हणाली आणि आत गेली. खोलीचं मी बोललो नाही. तेवढं जड का व्हावं, कळत नाही. चार दिवसांनी कोट उन्हात टाकताना तिला आतल्या खिशात खुंटी सापडली. नारिंगी फीत बांधलेलं लाकूड घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली, आणि मग मला सगळं सांगावं लागलं. सभा, बिस्किटं, पायरी नसलेली खोली. ती भिंतीला धरून खाली बसली. बराच वेळ खुंटीवरची फीत बोटांनी सारखी करत होती.

"आणि गाडी आली न्हाई तर?" मी म्हटलं.

"मला कुठं गाडीत बसायचंय," ती म्हणाली. "पर ही तुम्ही हिकडं आणली. आता पोरीनं खोली तीन कोपऱ्यांची बांधायची काय?"

रविवारी शेजारच्या वकिलांकडे नंदाचा फोन आला. तिकडचा पावसाळा सुरू व्हायच्या आत पाया घ्यायचाय, असं गिरीश म्हणत होता. आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"आप्पा, चौथ्या कोपऱ्याला तुमचा दगडच धरू काय?"

वकिलांच्या घरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी फोन दोन्ही हातांनी धरला आणि कट्ट्यावर बोलतो तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "दगड काढून टाक. खुंटी मी घेऊन येतोय. तुझी आई बी येतीया. पाया त्याच्या आधी घेऊ नका, गिरीशचा काटकोन मला ठाऊक हाय."

पलीकडून काहीच आवाज येईना. लाइन तुटली असा मला संशय आला.

तुटली नव्हती.